बैलांच्या तोंडचं तणस

बालाघाट
१४ जून १९९९

वहिनी,
नमस्कार.

बाबांनी मला कधी दिलं नाही ते धानाचं तणस तुम्हाला कसं दिलं? या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. तुमच्याजवळ असेल तर कळवा.

परवा भाऊ बियाणं घ्यायला बालाघाटला आला होता. चहा पिताना सहज बोलून गेला, "आता बाबाच तणस तोडून देतात अनुसयाले. दिवसभर कोंबड्याइच्या घरातच बसून राह्यतात." मी त्याच्यासमोर हसले. तो गेल्यावर ऑफिसात एक साधा अहवाल लिहायला घेतला, तो संध्याकाळपर्यंत पूर्ण झाला नाही.

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा कोंबडीघर उभंच होतं, म्हणून तुम्हाला ठाऊक नसेल. ते मी बांधलं. वारासिवनीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते तेव्हा. आई गेल्यावर घरातलं सगळं करून, बस पकडून कॉलेजला जायचं आणि आल्यावर मातीच्या भिंती लिंपायच्या. बांबूची जाळी मीच विणली. घर झालं आणि खाली अंथरायला मी बाबांकडे एक पेंढी तणस मागितलं. ते गोठ्यात होते. कवड्या आणि लाख्यापुढे तणस टाकत होते. मान वर न करता म्हणाले, "बैलाच्या तोंडातला घास कोंबडीच्या घाणीखाली? जमनार नाई." पुन्हा मागितलं तर गोठ्याचं दार ओढून घेतलं.

मग मी राईस मिलमधून धानाचा तूस आणायला लागले. सायकलच्या कॅरियरवर पोतं बांधायचं, ते रस्त्यात फाटायचं, तूस केसांत जायचा. वर्गातल्या मुली विचारायच्या, "काय गं, मिलमध्ये कामाला लागलीस का?" बाबा ओसरीवर बसून बघायचे. मी बी. ए. होईपर्यंत ते एकदाही कोंबडीघराच्या आत आले नाहीत.

आता ते तिथे बसून असतात म्हणे.

दिवाळीत आले होते तेव्हा असं काही दिसलं नव्हतं. तेव्हा बाबा मला बघून म्हणाले होते, "पाहुनी आली." त्यानंतर संस्थेने मला कोंबडीपालन शिकवायला बैहरकडच्या गावांत पाठवलं आणि घरी येणं झालंच नाही. म्हणून विचारते.

तुमची नणंद,
ज्योत्स्ना

ता. क. पाऊस लागेल. तणस काढा आणि तूस टाका. हे मी रागाने लिहीत नाही, हे माझं कामच आहे.


आंबेटोला, खैरलांजी
२७ जून १९९९

ज्योत्स्नाबाई,
नमस्कार. तुमचं पत्र भेटलं. मी बाबाले वाचून दाखवलं नाही, काहून का त्याच्यात त्याइचंच गाऱ्हानं होतं.

तुमी बी. ए. झाल्या, तुमाले उत्तर नाही म्हनता, तं मी आठवी पास काय सांगू? पन एक सांगतो. मी तणस मागतलंच नाही. मी तिरोडीची. आमच्या खदानीच्या क्वार्टरमंदी कोंबड्या फाटक्या बोऱ्यावर झोपत. मले का मालूम त्याइले गादी लागते?

बाबा एक दिवस स्वताच भारा घेऊन आले. म्हने, "हे टाक इथं." मी म्हटलं, बाबा, हे लंबं हाय, पिल्ल्याइच्या पायात गुतते. मंग ते लाकडाचा ठोकळा घेऊन आले आन् चारा तोडाचा गंडासा घेऊन आले. तवापासून रोजचं झालं. चाय झाला का आवाज देतात, "अनुसया, किती तोडू?" मी म्हनतो, तोडा तुमाले पाह्यजे तेवढं. बोटाएवढे तुकडे करतात, सब एकसारखे. कोंबड्या बी खुश हायत. बाबा तुकडे टाकत नाहीत तं त्या येऊन उकरतात.

तूस होता तवा बाबाले खोकला ये. आता नाही येत.

तुमाले पाहुनी म्हटलं तं तुमी धरून बसल्या. मले तं ते "सूनबाई" बी म्हनत नाहीत, नुसतं अनुसया.

तुमची,
अनुसया


बालाघाट
११ जुलै १९९९

वहिनी,
पत्र मिळालं. तुम्ही मागितलं नाही आणि मिळालं, हे वाचून माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. मागून न मिळणं एक वेळ सोसता येतं. न मागता दुसऱ्याला मिळालं की माणसाला स्वतःचं मागणंच लाजिरवाणं वाटायला लागतं.

तुसाने बाबांना खोकला येतो हे मला माहीत नव्हतं. माहीत होण्यासाठी त्यांनी आत यायला हवं होतं.

ते असो. मी तुम्हाला कोंबडीच्या गादीबद्दल लिहिते. हे मी बैहरकडच्या बायकांना सांगते, त्या मन लावून ऐकतात. आपल्या घरीही कुणी ऐकलं तर बरं.

गादी कोरडी राहिली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. तणस आतून पोकळ असतं. ते पाणी पितं आणि धरून ठेवतं. पायाखाली दबून त्याची चटई होते. वरून हात लावला तर कोरडी, खालून ओली. उन्हाळ्यात चालतं, आपल्याकडच्या पावसात नाही. तुकडे कितीही बारीक केले तरी खालून पांढरी बुरशी धरते, आणि ती पिल्लांच्या छातीत जाते. मग पिल्लू चोच उघडून श्वास घेतं आणि मान टाकतं. त्यावर औषध नाही. तूस पाणी खाली सोडतो, रोज हलवला की मोकळा राहतो. आरामशीनवरचा लाकडाचा भुसा कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, लहान पिल्लं तो दाणा समजून टिपतात.

तूस आणताना बाबांना बाहेर बसवा. ओसरी त्यांना ठाऊक आहे.

पिल्लं किती निघाली? पांढरी मान असलेली कोंबडी अजून अंड्यावर बसते का? तिला मी हातावर वाढवलंय. तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहीत नाही.

ज्योत्स्ना


आंबेटोला
२ ऑगस्ट १९९९

ज्योत्स्नाबाई,
पांढऱ्या मानेची कोंबडी चांगली हाय. बसली होती. पिल्ले बी निंगाले. सब ठीक हाय.

तुमी लिवलं तसं मी बाबाले सांगतलं का पावसाचं तणस नको. ते पाटावरून उठले, गंडासा भिंतीले टेकवला आन् जाऊन रिकाम्या हातानं ओसरीवर बसले. जेवले बी नाहीत बराबर. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "बाबा, चाला ना, तोडा ना थोडं." मंग उठले. तं तणसच हाय आपल्या इथं. मी रोज ओलं काढतो, सुकं टाकतो. आता तणस उरते, त्याच्यानं काही फरक नाही पडत.

आन् एक गोष्ट मी बी लिवतो, तुमी लिवता तं. बाबा माह्याजवळ बसतात, हौ. पन बोलतात कोनाचं? ज्योत्स्नानं जाळी कशी इनली. ज्योत्स्ना बसमंदी उभी राहून कशी जाये. ज्योत्स्नाले किती मार्क भेटले. काळ्या गाऊनमंदी तुमचा फोटो हाय ना, तो दुपट्ट्यानं पुसतात, मंग मले म्हनतात, "पाह्य बरं, काच साफ झाली का?" मी दाना टाकतो, घान मी काढतो, अंडे मी गोळा करतो. आन् कोनी पाहुना आला तं सांगतात, "ह्या ज्योत्स्नाच्या कोंबड्या." माह्या बापानं मले आठवीतून काढलं नसतं तं मी बी फोटो काढला असता.

बरं. पाऊस लय हाय.

अनुसया


बालाघाट
१९ ऑगस्ट १९९९

वहिनी,
"सब ठीक हाय" असं तुम्ही लिहिलं होतं. आमच्या संस्थेच्या जीपवर चैतराम म्हणून ड्रायव्हर आहे. त्याची सासुरवाडी आपल्या शेजारच्या गावात. तो काल तिथून आला आणि मला म्हणाला, "दीदी, आपके घर के तो सारे चूजे मर गए, आपने बताया नहीं." मी त्याला काय सांगणार? मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

चोच उघडून श्वास घेत होती ना? मग मान टाकली ना? मी सगळं लिहिलं होतं. अक्षर न् अक्षर. तुम्हाला वाचता येतं म्हणून मी पत्र लिहिते, वहिनी. वाचून करायचंच नसेल तर लिहिणाऱ्याने काय करावं?

खोटं का बोलू, चैतरामने सांगितलं तेव्हा पिल्लांचं वाईट नंतर वाटलं. आधी वाटलं, बरं झालं, आता बाबांना कळेल कोणाचं खरं होतं.

कोंबड्या माझ्या आहेत. मी तुम्हाला त्या सांभाळायला दिल्या होत्या. पोळा झाला की मी जीप आणि पिंजरे घेऊन येते आणि उरलेल्या सगळ्या इथे संस्थेच्या केंद्रावर आणते. कोंबडीघर तुम्ही ठेवा. त्यात तणस भरा, हवं तेवढं. बाबांना तोडायला आणि तुम्हाला बघायला.

ज्योत्स्ना


आंबेटोला
१ सप्टेंबर १९९९

ज्योत्स्नाबाई,
घेऊन जा. सब घेऊन जा. पांढऱ्या मानेची बी.

पिल्ले मेले, हौ. मी एकेक हातात घेऊन बसली होती. तुमाले लिवलं नाही, काहून का तुमी असंच लिवान हे मले मालूम होतं. तुमचं खरं होतं. मी तुसाचं पोतं आनून बी ठेवलं होतं. पन बाबा सकाळी आवाज देत, "किती तोडू?" मले "नका तोडू" म्हनताच नाही आलं. तुमाले आलं असतं. तुमी शिकलेल्या.

मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिजाच्या सणासाठी माहेरी तिरोडीले जाऊन राह्यली. गनपती बसल्यावर येईन. तुमी तवाच या. मी घरी असली तं मले पाहवनार नाही. बाबाले काय सांगाचं ते तुमीच सांगा. उद्या कोंबड्या नाहीत तं ते कोनासाठी तोडतीन, ते बी तुमीच सांगा. मले तं त्याइनं तुमाले काही सांगाले मनाई केली हाय. मी शब्द देला हाय, मोडत नाही.

अनुसया


बालाघाट
१२ सप्टेंबर १९९९

वहिनी,
हे पत्र तुम्ही तिरोडीहून परत आल्यावर वाचाल. घरी काय बदललंय ते आल्या आल्या दिसेल, म्हणून काय घडलं ते आधीपासून लिहिते.

शनिवारी सकाळी चैतरामसोबत जीप घेऊन आले. मागे पिंजरे, आणि का कोण जाणे, तुसाची पोतीही टाकून घेतली होती. रागात असले तरी घाण गादीवर कोंबडी सोडून यायची माझी तयारी नव्हती. अंगणात उतरले तर मैनाबाई शेजारून ओरडल्या, "आली का वो ज्योत्स्ना? लय उशिरा आली. पोळ्याले याचं होतं. तुहा बाप यंदा दारातच नाही निंगाला."

मी म्हटलं, "काहून? बैल कोणी सजवले मग?"

मैनाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे न विचारता सरळ गोठ्यात गेले.

वहिनी, गोठा झाडलेला होता. गव्हाणीत एक काडी नव्हती. दोन्ही दावी खुंट्यांना गुंडाळून ठेवलेली होती, बाबा ठेवतात तशी.

"आता तणस उरते," असं तुम्ही लिहिलं होतं. मी वाचलं होतं. मला वाटलं, यंदा धान चांगलं पिकलं हे तुम्ही मिरवता आहात.

बाबा कोंबडीघरात होते. ठोकळ्यासमोर बसून तोडत होते. मला बघून थांबले नाहीत. मी समोर बसले.

"कवड्या कुठे आहे, बाबा?"

"दिवाळी झाल्यावर, पूस महिन्यात गेला. पोट फुगलं. डॉक्टर येईपावतर गेला."

"आणि लाख्या?"

"एकटा काय करन तो? मामाच्या घरी देला. तिथं जोडी हाय त्याले. आता ट्रॅक्टर येते वावरात. धा मिंटात होते सब." मग म्हणाले, "तुले सांगाचं नाही म्हटलं मी अनुसयाले. तू नोकरी सोडून येऊन बसली असती."

मी आले नसते. बैहरची कामं होती. पण बाबांना वाटत होतं की मी येईन, आणि ते मी त्यांच्या तोंडावर खोडलं नाही.

मग मी ते विचारलंच, जे तुम्हाला जूनमध्ये विचारलं होतं. "मी मागितलं तेव्हा एक पेंढी दिली नाही तुम्ही मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच नवल वाटल्यासारखं. म्हणाले, "तवा बैल होते ना वो."

एवढंच. मी इतके महिने ज्याच्यावर जळत होते ते सगळं बैलांचं होतं. तुमचं त्यात काही नव्हतं, माझंही नव्हतं. हे कळल्यावर मी शांत व्हायला हवं होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "अनुसया कवा येते? तिच्याबिगर चायले चव नाही." आणि मी पुन्हा तशीच जळले. वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. बैठकीत मी बायकांना सांगते की घरातल्या बाईच्या हाती स्वतःचं काही असावं आणि घरातल्या माणसांनी तिच्याजवळ येऊन बसावं. माझ्याच घरात तसं झालं आणि मला ते बघवलं नाही.

मग मी काम केलं. गादी उचलली. खाली पांढरी बुरशी होती, बोटभर जाड. बाबांनी पाहिली. मी ती टोपलीत भरत असताना ते म्हणाले, "ह्याच्यानंच गेले का पिल्ले?" मी हो म्हटलं नाही. "पावसाने गेली," म्हटलं. जमीन खरवडली, चुना मारला, सुकू दिली आणि तूस पसरला. रोज सकाळी तो खालीवर करा. अंडी घालायच्या टोपल्यांत मात्र बाबांनी तोडलेलं तणस ठेवलंय. तिथे ते कोरडं राहतं आणि कोंबडीला तेच आवडतं.

पिंजरे रिकामेच जीपमध्ये ठेवले. कोंबड्या तुमच्या आहेत. पांढऱ्या मानेचीही. आता कुणी पाहुणा आला तर तुम्हीच सांगा कोणाच्या ते. तुमच्या शब्दाला नाही म्हणणारं घरात सध्या कुणी नाही.

कारण हे झाल्यावर बाबा हात झाडून उभे राहिले. त्यांना तोडायला काहीच उरलं नव्हतं. ओसरीकडे निघाले. तुम्ही लिहिलं होतं तसे, रिकाम्या हातांनी. मी म्हटलं, "बाबा, आमच्या केंद्रावर धानाची शेती आहे. बैलजोडी आहे. गडी नवा आहे, त्याला काही जमत नाही."

"तणस हाय?"

"आहे."

"तोडून टाकतो का तो गडी?"

"तसंच लांब टाकतो."

"मंग अर्धं तुडवनारच ना बैल," म्हणाले, आणि आत जाऊन धोतर बदलून आले.

भाऊ वावरातून आला तेव्हा ते जीपमध्ये पुढे बसले होते. भाऊ मला म्हणाला, "अनुसयाले विचारलं का तुनं?" मी म्हटलं, "लिहिते." तो म्हणाला, "रडन अनुसया." मी म्हटलं, "मीपण रडले होते, कोणी पाहिलं नाही."

तुम्ही घरी असता तर मी हे केलं असतं का, माहीत नाही. बैलांसाठी केलं की माझ्यासाठी, तेही नक्की सांगता येत नाही. पहिल्यांदा बाबा माझ्या घरी आले आहेत, वहिनी. केंद्रावरची माझी खोली छोटी आहे, त्यांच्यासाठी मी शेजारून खाट मागून आणली. आज दुपारी भाजी गरम करून त्यांना हाक मारली तर गोठ्यातून उत्तर आलं, "बैलाइचं होऊ दे अगोदर." माझं ताट झाकून मी हे लिहायला बसले.

रागवा. पण भिंतीशी गंडासा शोधू नका, आणि सकाळी चहा एक कप कमी टाका. बाबांना मी घेऊन आले आहे.

ज्योत्स्ना